शेवटी एस काढण्यात यावा

मंगळवार, दिनांक ५ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या वसाहतीतील नागरी सुविधा कक्षाच्या नव्या फलकासमोर उभा राहिलो आणि त्यावरील पहिल्या इंग्रजी शब्दाची अक्षरे मोजली. ती बारा भरली. पडताळणी म्हणून उजवीकडून डावीकडे पुन्हा मोजली. तरीही बाराच. असावयास हवी होती अकरा.

फलकावर वरच्या ओळीत मराठीत 'माहिती केंद्र' असे लिहिले होते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याखाली इंग्रजीत एका ओळीत 'इन्फर्मेशन्स' व तिच्याखालच्या ओळीत 'सेंटर' असे होते आणि तक्रार आहे ती तेथे. इन्फर्मेशन या शब्दाला नेहमीच्या इंग्रजीत अनेकवचन नाही. मराठीत तरी कोठे आहे? घरासमोर ट्रकभर रेती येऊन पडली तरी 'रेत्या आल्या' असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे माहिती चिमूटभर असो की पोतेभर, ती माहितीच राहते. हे मी स्वतःच्या मनाने सांगत नाही. १९७९ साली तंत्रनिकेतनात पदविकेला असताना घेतलेला शब्दकोश माझ्याजवळ आहे व त्यातील संबंधित पानावर मी तेव्हाच पेन्सिलीने खूण करून ठेवलेली आहे.

एका अक्षरासाठी एवढा उपद्व्याप कशाला, असे वाचकांस वाटेल. माझ्या पत्नीस, म्हणजे शीलास, तसे वाटलेच. परंतु त्या एका अक्षराने आमच्या घरातील एका व्यक्तीचा अर्धा गुण खाल्ला होता.

माझी नात अर्पिता सातवीत आहे. आदल्या दिवशी तिला घटक चाचणीची इंग्रजीची उत्तरपत्रिका मिळाली. पन्नासपैकी सेहेचाळीस. सूचनालेखनाच्या प्रश्नात तिने अखेरीस 'अधिक माहितीसाठी संपर्क साधा' हे वाक्य इंग्रजीत अगदी बिनचूक लिहिले होते. शिक्षिकेने त्यातील इन्फर्मेशनला लाल शाईने एस जोडून अर्धा गुण कापला होता. वर्गातील ओम नावाच्या मुलालाही सेहेचाळीसच. जिल्हास्तरीय इंग्रजी निबंध स्पर्धेसाठी प्रत्येक वर्गातून एकच नाव जाणार, ते ३० सप्टेंबरपर्यंत पाठवावयाचे, आणि गुण समान असल्यास हजेरीपटात ज्याचा क्रमांक आधी त्याला संधी. आमच्या शाळेच्या हजेरीपटात सर्व मुले आधी व सर्व मुली नंतर अशी रचना आहे. त्या रचनेबद्दल मला स्वतंत्र लेख लिहावयाचा आहे. तूर्त एवढेच, की अर्पिताचा हुकलेला अर्धा गुण हा अर्धा गुण नव्हता, ती अख्खी स्पर्धा होती.

"आबा, एस लागत नाही हे तुम्हीच सांगितलं होतं ना?" ती म्हणाली.

"लागत नाहीच."

"मॅडम म्हणाल्या, तुझ्या आबांच्या वेळेस लागत नसेल. आता लागतो. बोर्डावर आहे."

तिने हे रडून सांगितले असते तर मला बरे वाटले असते. तिने ते अत्यंत समजूतदारपणे, वृद्ध माणसाला वाईट वाटू नये अशा बेताने सांगितले.

म्हणून मंगळवारी साडेदहा वाजता मी शब्दकोशासह शाळेत गेलो. इंग्रजीच्या शिक्षिका प्रभावती मॅडम सभ्य आहेत. त्यांनी खुर्ची दिली, शब्दकोश हातात घेतला, माझी पेन्सिलीची खूणही पाहिली.

"सर, मी काही मनानं एस लावला नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी बोर्डावर आहे तो. उद्या एखादा पालक येऊन म्हणेल, मॅडम, सरकार चूक की तुम्ही चूक? मी काय उत्तर देऊ?"

"हा शब्दकोश दाखवा."

"ह्याची बांधणी बघा ना सर, पानं सुटून राहिली. बोर्ड यंदाचा आहे." मग माझा चेहरा पाहून त्या जरा नरमल्या. "एक करा. तो बोर्ड बदलला की त्याच दिवशी अर्पिताला अर्धा गुण देते. शब्द देते तुम्हाला."

असा शब्द घेऊन मी फलकासमोर आलो होतो व मोजणी करीत होतो. तेवढ्यात शेजारी पुंडलिकराव तेथे अवतरले. यांचे कापसाचे आणि तुरीचे शेत गावी, भाऊ ते पाहतो, आणि हे स्वतः आमच्या वसाहतीत राहून इतरांच्या कामांवर देखरेख करतात.

"काय जी मार्डीकर साहेब, बोर्डाले कायले बोटं दाखवून राह्यले?"

"अक्षरं मोजतोय."

"भरले का बराबर?"

"एक जास्त आहे."

"मंग जास्त आहे तं चांगलंच आहे ना बाप्पा! कमी भरले असते तं तक्रार केली असती."

मी त्यांना अनेकवचनाचा सिद्धांत रेतीच्या उदाहरणासह समजावून दिला. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि उपाय सुचवला. "शेणाचा एक गोळा मारा त्या एसवर. पोळा जवळ आला, बैलं इकडून तिकडं जाऊन राह्यले. शेण कुठून उडालं, कोण इचारते?"

तेहतीस वर्षे अभियांत्रिकी रेखाचित्र हा विषय शिकवलेल्या माणसाला व्याकरणशुद्धीसाठी शेण सुचवण्यात आले, याची येथे केवळ नोंद करतो.

मी माझ्या पद्धतीने गेलो. दुसऱ्या दिवशी स्टीलची फूटपट्टी, कोनमापक व घरचे उंच स्टूल घेऊन फलकाचे निरीक्षण केले. पहिली अकरा अक्षरे सारख्या उंचीची, प्रत्येक दोहोंमध्ये तीन सेंटिमीटर अंतर. काम सुबक होते, मान्य केले पाहिजे. परंतु बारावा एस मागच्या अक्षरापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर होता आणि सात अंशांनी उजवीकडे कलला होता. निष्कर्ष उघड होता. हा एस मूळचा नव्हता, मागाहून आलेला होता. फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगाऱ्याचे नाव होते, 'खेमसिंग आर्ट्स, लोहारा'.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली खेमसिंगचे दुकान आहे. तो एका कारखान्याच्या 'धोका' या पाटीवरील कवटीचे दात रंगवत होता. मी विषय काढताच त्याने काही लपवले नाही.

"अकराच लेहले होते साहेब मी. कागदावर होते तेवढेच. मंग पाह्यतो तं काय, उजवीकडं वीतभर जागा उरून राह्यली. बोर्ड कसा एका अंगानं झुकल्यावानी दिसे. म्हनलं, एक एस टाकून देऊ. एस कुठंबी शोभते."

"पण शब्दाचा अर्थ?"

"अर्थ तं तोच राह्यला ना जी! जानकारी म्हना का जानकारियां म्हना. हिंदीत जानकारियां चालते, मंग इंग्रजीनं काय घोडं मारलं?"

मला येथे एक कबुली द्यावी लागेल. 'कागदावर रिकामी जागा एका बाजूस उरू देऊ नये, आकृती तोललेली दिसावी' हे वाक्य मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे. खेमसिंगने केले ते व्याकरणाच्या दृष्टीने पाप होते, पण आरेखनाच्या दृष्टीने मी त्याला पूर्ण गुण दिले असते. यामुळे माझा संताप कमी झाला नाही. उलट तो ठेवावा कोठे हे न कळल्यामुळे वाढला.

"मग पुसून टाक."

"थिनरचा बोळा फिरवला का दोन मिनिटात साफ," तो म्हणाला. "पन सरकारी बोर्ड हाय साहेब. कागद पायजे. कागद आना, एस काय, पुरी इंग्रजी पुसून देतो."

कागद मिळवण्यासाठी मी नागरी सुविधा कक्षात तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी संबंधित टेबल जेवायला गेले होते. दुसऱ्या वेळी संबंधित टेबल आले होते, परंतु ते त्या कामाशी संबंधित नव्हते. तिसऱ्या वेळी मला सांगण्यात आले, की फलकाविषयी जे विचारायचे ते लेखी विचारा. बाहेर पुंडलिकराव होतेच.

"माहितीचा अधिकार टाका," ते म्हणाले. "सारेच टाकून राह्यले. माह्या साळ्यानं तं तीन टाकले."

"त्यांना माहिती मिळाली का?"

"माहिती नाही मिळाली. पन तेव्हापासून त्याले आपिसात चहा पाजतात."

सल्ला पुंडलिकरावांचा असला तरी कायदा संसदेचा होता, म्हणून मी तो स्वीकारला. अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांत बसवावयाचा असतो. माझा पहिला मसुदा चारशे बारा शब्दांचा झाला. त्यातून प्रथम रेती गेली, मग शब्दकोश, मग माझी पदविका. तीन संध्याकाळी मी शब्द मोजत व खोडत बसलो होतो.

"आपल्या लग्नाच्या बोलणीत तुम्ही सगळे मिळून दीडशे शब्द बोलले नसतील," शीला म्हणाली. "अर्ध्या गुणासाठी एवढं?"

"अर्ध्या गुणासाठी नाही. तत्त्वासाठी."

"तत्त्व कोणत्या वर्गात आहे?" एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

सोमवार, ११ ऑगस्ट रोजी तिकीट लावून अर्ज दिला. प्रश्न चार होते. फलकावर एस आहे काय? असल्यास तो केव्हा आला? तो का आला? आणि तो व्याकरणदृष्ट्या योग्य आहे काय? त्यानंतर पोळा आला, तान्हा पोळा आला, गणपती आले आणि गेले. मी रोज सकाळी फिरायला जाताना फलकाकडे पाहत असे व एस माझ्याकडे सात अंशांत कलून पाहत असे. अर्पिताने मला विचारणे सोडून दिले होते. मुलाने विचारणे सोडणे ही गोष्ट शिक्षकाला फार लागते.

तिसाव्या दिवशी, बुधवार १० सप्टेंबर रोजी, उत्तर आले. कार्यालय मुदत पाळते हे मान्य केले पाहिजे. उत्तर असे होते: 'आपण मागितलेल्या चार माहित्यांपैकी एक माहिती होकारार्थी असून...'

माहित्यांपैकी! मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. इंग्रजीतील रोग मराठीस लागला होता. पुढे तर कळसच होता. एस केव्हा आला याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही. एस का आला, यास उत्तर देय नाही, कारण 'का' ही माहिती होत नाही. व्याकरणाविषयी मत मागणे हीदेखील माहिती होत नाही. मी खुर्चीतून उठलो. ज्या कार्यालयाला माहिती हा शब्द दोन भाषांपैकी एकाही भाषेत धड लिहिता येत नाही, त्या कार्यालयाने मला, माहिती म्हणजे काय नव्हे, हे शिकवावे!

आणि एवढ्यावर थांबले असते तरी मी सहन केले असते. शेवटी एक टीप होती. कायद्याच्या इंग्रजीत, दंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होणाऱ्या फिर्यादीसही हाच शब्द वापरतात, त्या अर्थी त्याचे अनेकवचन होते, सबब फलक चुकीचा म्हणता येणार नाही. मी तुच्छतेने शब्दकोश उघडला. दुर्दैवाने तो अर्थ त्यात होता. चौथ्या क्रमांकावर, बारीक टाइपात होता. सेहेचाळीस वर्षे तो माझ्या पेन्सिलीच्या खुणेच्या अवघ्या दोन बोटे खाली बसून होता आणि त्याने मला एका शब्दाने सांगितले नव्हते.

"म्हंजे तिथं फिर्यादी घेतात का?" पुंडलिकरावांनी पत्र वाचून उत्सुकतेने विचारले. "मंग माही पहिली लेहा. त्या रामधनचे बकरे माही पूर्ण मेंदी खाऊन गेले."

ते खरोखरच दुसऱ्या दिवशी माहिती केंद्रात जाऊन बकऱ्यांची फिर्याद नोंदवून घ्या म्हणून बसले. फलकाचा कायदेशीर अर्थ त्यांना मार्डीकर साहेबांनी सांगितला, असे त्यांनी तेथे सर्वांना सांगितले. त्यामुळे शुक्रवार, १२ सप्टेंबर रोजी मी कक्षाच्या अधिकारी निशिगंधा मॅडम यांच्यासमोर गेलो तेव्हा माझे नाव तेथे बकऱ्यांच्या संदर्भात प्रसिद्ध झालेले होते.

निशिगंधा मॅडम तरुण आहेत. टेबलावरील फायलींमुळे प्रथम त्यांचा आवाज ऐकू आला व नंतर त्या दिसल्या.

"सर, ते उत्तर मीच पाठवलं, पण ते नियमानं पाठवलं," त्या म्हणाल्या. "एस चुकीचा आहे हे मलाही माहीत आहे. रोज येताना दिसतो. पण तुम्ही 'का' विचारलं ना, मग मला कायदा बघावा लागतो. 'करा' म्हणा ना तुम्ही, मी करते. एका ओळीचा साधा अर्ज द्या. काय पाहिजे तेवढंच लिहा. आजच सही करते."

लोक काही म्हणोत, मला ही बाई आवडली. 'माहीत आहे' असे शुद्ध बोलणारी व्यक्ती मला कित्येक महिन्यांनी भेटली होती. सर्वजण 'माहिती आहे' म्हणतात.

मी तेथेच कागद घेतला. एक ओळ लिहावयाची होती. परंतु ती लिहिताना एक अडचण उभी राहिली. 'इन्फर्मेशन्स या शब्दातील शेवटचा एस' असे लिहावयाचे, तर तो अशुद्ध शब्द माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात, माझ्या स्वाक्षरीच्या वर, शासकीय अभिलेखात कायमचा जाणार. ते मला मान्य नव्हते. म्हणून विचारपूर्वक, शुद्ध शब्द योजून, मी पुढीलप्रमाणे लिहिले:

'फलकावरील इन्फर्मेशन या शब्दाच्या शेवटी एस काढण्यात यावा.'

मॅडमनी वाचले, 'मान्य' असे लिहून सही केली, आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सोमवारी नवीन लिपिक येऊन राहिले. त्यांच्याकडे देते. तुम्ही काळजी करू नका."

नवीन लिपिक हजर झाला तेव्हा मी आवर्जून भेटायला गेलो. तो उठून उभा राहिला आणि माझ्या पाया पडला.

"सर, मी भीमराज! दोन हजार पाचची बॅच. तुमच्या वर्गात आकृत्या काढून काढून बोटाले घट्टे पडले होते सर. अजून आहेत, पाहा ना!"

त्याने घट्टा दाखवला. तो मला दिसला नाही, पण मी होय म्हटले.

"आमच्या ह्या आपिसात कोणी सांगितलेलं काम करत नाही सर. मी पोट्ट्यायले सांगतो, आमच्या मार्डीकर सरांनी 'काढा' म्हटलं का आम्ही काढत होतो. कायले, कशाले, काही नाही."

"माझा अर्ज तुझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"आपला अर्ज असल्यावर काय सांगता सर! महिना संपायच्या आत करून देतो."

मी घरी येऊन अर्पिताला सांगितले, की काम योग्य हातांत गेले आहे. ती बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे पाहून हसली. "तीस तारखेच्या आत, आबा?" "आत," मी म्हणालो. शिक्षकाला आपले विद्यार्थी कोठे ना कोठे उपयोगी पडतात, यावर त्या दिवशी मी शीलाला पाऊण तास सांगितले. तिने भाजी निवडून संपवली.

मी सहसा कोणतेही काम डोळ्यांसमोर झाल्याशिवाय झाले असे मानीत नाही. परंतु नवरात्रात शीलाच्या बहिणीकडे राजूरला जाणे भाग होते. शुक्रवार, २६ सप्टेंबर ते रविवार, २८ सप्टेंबर असे तीन दिवस मी कोळशाच्या खाणीची धूळ खात व साडूंची मते ऐकत काढले. रविवारी संध्याकाळी पाच वाजता बसमधून उतरलो तोच पुंडलिकराव थांब्यावर उभे.

"अभिनंदन साहेब! काम झालं. काल खेमसिंग येऊन गेला, निसनी लावून वर चढला होता. पेढे काढा आता!"

"पाहिलंत तुम्ही? एस गेला?"

"जवळून नाही पाह्यलं. पन भीमराज सोता उभा होता. म्हने, सरांचं काम आहे, नेटानं कर."

मी पिशवी शीलाच्या हाती दिली आणि फलकाकडे गेलो. अर्पिता माझ्या आधी पोहोचली होती. ती मान वर करून, ओठ हलवीत मोजत होती.

"आबा," ती म्हणाली, "तेरा."

बाराव्या एसच्या पुढे एक तेरावा एस होता. जागा न उरल्यामुळे तो अर्ध्या उंचीचा होता आणि त्याची शेपटी फलकाच्या चौकटीवर चढलेली होती. रंग ताजा होता. काम, मान्य केले पाहिजे, सुबक होते.

त्या रात्री मी जेवलो की नाही हे मला आठवत नाही. सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी मी भीमराजच्या टेबलासमोर होतो. अर्पिता शाळेला जाता जाता माझ्याबरोबर आली होती.

"काय केलंस तू हे?"

"काढला ना सर एस!" तो आनंदाने म्हणाला. "खेमसिंग तयारच नव्हता. म्हने जागा नाही, बोर्ड बिघडते. मी म्हटलं, सरांचा लेखी कागद आहे, चौकटीवर घे पण काढ."

"अरे, पुसायचा होता!"

भीमराजने फाइल उघडली आणि माझा अर्ज माझ्यासमोर ठेवला. शब्दावर बोट ठेवून त्याने तो मोठ्याने वाचला, जसा मी पूर्वी त्याच्याकडून प्रश्न वाचून घेत असे. "'इन्फर्मेशन या शब्दाच्या शेवटी एस काढण्यात यावा.' सर, तुमच्या वर्गात तीन वर्षं काढलं मी. वर्तुळ काढा, शंकू काढा, अर्धा छेद काढा. एकदाही पुसा असा त्याचा अर्थ नव्हता."

"पण एक एस आधीच होता! तुला विचारावंसं वाटलं नाही, दुसरा का?"

"वाटलं ना सर. मॅडम पुण्याला प्रशिक्षणात, फोन लागला नाही. मग मनात म्हटलं, सरांनी लेखी दिलं, कारण असंलच." त्याने अर्जावरचे बोट उचलले. "आणि सर, तुमच्या वर्गात 'का' विचारलेलं चालत नव्हतं. मी एकदा विचारलं तं तुम्ही मले बाहेर उभं केलं होतं."

अर्पिताने माझा अर्ज हातात घेतला, शांतपणे वाचला आणि म्हणाली, "आबा, ह्याचा मी पण तोच अर्थ घेतला असता. 'वगळण्यात यावा' लिहायचं ना."

त्या लेकराने मला वर्गाबाहेर उभे केले नाही, एवढेच. मी स्वतःहून बाहेर आलो.

बाहेर फलकाखाली एक स्कूटी थांबली होती. प्रभावती मॅडम शाळेला निघाल्या होत्या आणि हेल्मेट न काढता वर पाहत होत्या. अर्पिताही मागून आली होती व त्यांना चुकवून जाणे शक्य नव्हते. मी समोर गेलो व जे घडले ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या काढण्यापर्यंत सांगितले. काही लपवले नाही. उद्या तीस तारीख आहे हेही मला ठाऊक होते, आणि आपल्या हाताने नातीची स्पर्धा घालवली हेही.

हेल्मेटमुळे त्या हसत होत्या की नाही ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

"बोर्ड बदलला की देईन असा मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "बोर्ड तर बदलला. आणि सर, खरं सांगू? बारा अक्षरांचा होता तोवर मला वाटलं, सरकारनं विचार करून लिहिलं असेल. आता हे पाहून..." त्यांनी चौकटीवर चढलेल्या शेपटीकडे बोट दाखवले. "ह्याच्यावर विसंबून मी पोरीचा गुण कापला! उत्तरपत्रिका दे गं अर्पिता, आहे का दप्तरात?"

होती. छप्पन्न दिवस ती दप्तरातच होती. मॅडमनी स्कूटीच्या सीटवर ती ठेवून लाल एस खोडला आणि आकडा दुरुस्त करून सही केली. अर्पिता नाचली. पुंडलिकराव कोठूनसे आले आणि पेढ्यांचा विषय पुन्हा निघाला.

सर्वांनी माझे अभिनंदन केले. मी ते स्वीकारले नाही आणि आजही स्वीकारीत नाही. शब्दकोश माझ्या बाजूने होता, रेतीचे उदाहरण माझ्या बाजूने होते, दीडशे शब्दांचा निर्दोष अर्ज माझ्या बाजूने होता, आणि त्यांपैकी कशानेही काही झाले नाही. झाले ते माझ्या आयुष्यातील एकमेव संदिग्ध वाक्याने. बरोबर असल्यामुळे हरायचे आणि चुकल्यामुळे जिंकायचे, यास विजय म्हणावे अशी अपेक्षा निदान तंत्रनिकेतनात शिकलेल्या माणसाकडून कोणी करू नये.

निशिगंधा मॅडम प्रशिक्षणाहून परत आल्यावर त्यांनी निरोप पाठवला, की नव्याने एका ओळीचा अर्ज द्यावा. मी तो लिहिला आहे. सध्या तो अर्पिताकडे तपासणीसाठी आहे. तिने दोन वेळा परत केला. पहिल्या मसुद्यात 'दोन्ही एस उडवावेत' असे होते, त्यावर तिने समासात लाल शाईने 'कशाने?' असे विचारले आहे. विचारले म्हणून मी तिला बाहेर उभे केलेले नाही.

आजची स्थिती: अर्पिता, पन्नासपैकी साडेसेहेचाळीस. फलक, तेरा.